पाण्यावर एक शब्दही नाही

आमच्या घरात आता आरओ मशीन आहे. त्याआधी बरीच वर्षं ते नव्हतं, आणि त्याला कारण मी होतो. चंदीगडच्या भाड्याच्या घरातून आम्ही जवळच्या खरड गावात स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा बिल्डिंगमधल्या प्रत्येक स्वयंपाकघरात भिंतीवर ते मशीन टांगलेलं होतं. इथलं बोअरचं पाणी इतकं जड, की नळाच्या तोंडाला पांढरी दाढी फुटते, साबणाला फेस येत नाही आणि चहावर साय नसून वेगळाच काहीतरी तवंग धरतो. बायकोने पहिल्याच आठवड्यात विषय काढला. मी म्हणालो, "दिवसभर पाणी रिकामं करण्याचाच पगार घेतो. घरी तरी भरलेलं पाणी पिऊ दे." हे वाक्य मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

रिकामं करणं म्हणजे खरोखरच तसं. डेराबस्सीच्या एका औषध कंपनीत मी पाण्याचा माणूस आहे. इंजेक्शनमध्ये आणि सलाईनमध्ये जे पाणी जातं, त्यात काहीही नाही हे रोज सिद्ध करणं ही माझी नोकरी. क्षार नाहीत, जंतू नाहीत, रंग नाही, वास नाही. ते पाणी इतकं शुद्ध असतं की त्यातून वीजसुद्धा धड जात नाही. लोकांना वाटतं पाण्यातून वीज वाहते, पण ती वाहते पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे, आणि नाव मात्र पाण्याचं बदनाम होतं. शिवाय असं शुद्ध पाणी फार भुकेलं असतं, भांड्यात ठेवलं तर भांड्यातलं काही खातं, उघडं ठेवलं तर हवेतला वायू ओढून घेतं आणि…

बघा, सुरू झालो. हा माझा रोग आहे.

कुणी नुसतं म्हणावं की आज फार उकडतंय, की मी दमटपणावर घसरतो. कुणाकडे बाळ झालं तर पेढा खाता खाता बाळाच्या अंगात पाण्याचा भाग किती मोठा असतो हे सांगतो. मयताला गेल्यावर मी निदान गप्प बसतो असं बायको म्हणते, पण त्यासाठी तिला दरवेळी कोपर वापरावं लागतं. इथल्या मराठी मंडळात निम्मी मंडळी लष्करातली आणि हवाई दलातली, निम्मी केंद्र सरकारच्या नोकरीतली. सगळे बदलीवर आलेले आणि सभ्य. त्यांनी एकदा गणपतीत मला 'दोन शब्द' बोलायला उभं केलं. मी बर्फ पाण्यावर का तरंगतो इथून सुरुवात केली. बहुतेक पदार्थ गोठले की आकसतात, पाणी मात्र फुगतं. गोठताना त्याचे रेणू एकमेकांचे हात धरतात, पण अंतर राखून उभे राहतात, म्हणून बर्फ हलका, म्हणून तळं वरून गोठतं आणि खाली मासे जगतात. मासे जगेपर्यंत मोदक गार झाले होते. पुढच्या वर्षी माझ्याआधीच आभारप्रदर्शन उरकण्यात आलं, आणि माझ्या हातात माईक आला तेव्हा समोर फक्त खुर्च्या गोळा करणारा मांडववाला उरला होता. मी त्यालाही सांगितलं.

माझं एक ठेवणीतलं वाक्य आहे. पाणी एवढ्या गोष्टी का विरघळवतं असं कुणी विचारलं, आणि कुणी विचारलं नाही तरीही, मी उजवा तळहात पुढे करून म्हणतो, "पाणी कुणाला नाही म्हणत नाही. जे भेटेल त्याला जवळ घेतं, आणि मग ते जसं असेल तसं होतं." यानंतर मी जरा थांबतो, म्हणजे समोरच्याला विचार करायला वेळ मिळावा. आमच्या घरात या थांबण्याच्या वेळात मायलेकी एकमेकींकडे बघतात.

मुलगी आमची एकुलती एक. तिचा जन्म चंदीगडचा, शाळा, कॉलेज इथलंच. आम्ही दोघं सोलापूरकडची माणसं, घरात मराठीशिवाय दुसरं काही बोलत नाही. तिला ते सगळं कळतं, पण मी मराठीत विचारायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, असा आमच्यात लहानपणापासूनचा अलिखित करार आहे. मराठी बोलायला गेली की 'तो, ती, ते' यांची गल्लत होते आणि लोक हसतात, म्हणून ती बोलतच नाही. माझ्या पाणीपुराणातलं तर तिच्या डोक्यात काही शिरत नसणार याची मला खात्री होती. एकदा वाढदिवसाच्या पांढऱ्या फ्रॉकवर वरण सांडलं म्हणून तिच्या आईने साबण लावला, तर हळदीचा पिवळा डाग रक्तासारखा लाल झाला. पोर हुंदके देऊन रडत होती आणि मी तिच्यासमोर उकिडवा बसून आम्ल आणि अल्कली समजावत होतो. बायको म्हणाली, "आधी तिचं नाक पुसा, मग शाळा घ्या." दहावीनंतर तिने कॉमर्स घेतलं. मी कारण विचारलं, तर म्हणाली, "बाबा, घर में एक काफ़ी है।"

तर गेल्या वर्षी या मुलीने सांगितलं, की तिच्या मोहालीच्या ऑफिसमधला एक मुलगा तिला आवडतो आणि तो मराठी आहे. आम्हाला आनंद झाला. इतक्या लांब येऊन पोरीला मराठी मुलगा मिळतो म्हणजे आमचं काहीतरी पुण्यच असलं पाहिजे, असं बायको म्हणाली. मुलाचे वडील हवाई दलात, मूळचे साताऱ्याकडचे, आणि इथून लवकरच त्यांची बदली होणार होती. मुलाने आमच्या मुलीची एकदा आपल्या आईशी भेट घालून दिली होती, पण तिथे माशी शिंकली. मुलीने त्या बाईंच्या प्रत्येक प्रश्नाला हिंदीत उत्तर दिलं. घरी गेल्यावर त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, "मुलगी गोड आहे रे. पण आपल्यातली वाटली नाही. आपण बदल्यांमध्ये आपलं सगळं घालवलं. तुम्हा भावंडांना धड मराठी येत नाही. निदान पुढच्या घरात तरी…" पुढचं त्या बोलल्या नाहीत, पण बोलायची गरजही नव्हती.

मुलाने हे आमच्या मुलीला जसंच्या तसं सांगितलं. त्याचा स्वभावच सरळ. आईच्या मनाविरुद्ध तो पाऊल टाकणार नाही हेही त्याने सांगितलं, आणि आमची मुलगी तशी हट्टी असून त्यासाठी तिला त्याचा राग आला नाही. ती फक्त दोन रात्री नीट जेवली नाही. मला ते बघवेना. शेवटी असं ठरलं, की बदलीआधी एका रविवारी मुलाचे आईवडील आमच्या घरी येतील. त्या बाईंनी बायकोला फोनवर सांगितलं, "फार काही करू नका हो. आपले साधे पोहे करा. इथे आल्यापासून कुणाच्या घरचे पोहे खाल्ले नाहीत." बायकोने आग्रह करून जेवणाचंही कबूल करवून घेतलं. पोहे आपण करणार असं मुलीने जाहीर केलं. ती आठवडाभर यूट्यूब लावून कांदा चिरत होती.

आदल्या दिवशी ती माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"बाबा, एक प्रॉमिस करो।"

"बोल की."

"कल पानी पर एक शब्द नहीं। बर्फ़ नहीं, भाप नहीं, क्षार नहीं। कुछ भी नहीं।"

मी हसायला गेलो, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याविषयीही मला सांगण्यासारखं बरंच होतं. मी म्हणालो, "पक्कं. एक शब्दही नाही." तिने माझा हात हातात घेऊन ते पुन्हा वदवून घेतलं.

आता बोलायचं नाही म्हटल्यावर मला काहीतरी करून दाखवण्याची खुमखुमी आली. जेवणात वरण होतं, आणि आमच्या नळाच्या पाण्यात तुरीची डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाणे दाणे राहते. पाण्यातला चुना डाळीच्या पेशींच्या भिंती धरून बसतो आणि त्यांना मऊ होऊ देत नाही. उद्या पाहुण्यांच्या पानात असलं वरण पडायला नको, म्हणून मी पाण्याचा जडपणा काढायचं ठरवलं. मोठ्या पातेल्यात पाणी घेतलं, त्यात बायकोच्या डब्यातला पापडखार घातला आणि खळखळून उकळलं. पांढरा गाळ खाली बसला. वरचं नितळ पाणी मी स्टीलच्या हंड्यात काढून झाकून ठेवलं आणि मायलेकींना सांगितलं, "या घरातलं सगळ्यात चांगलं पाणी या हंड्यात आहे. उद्या वरणाला हेच वापरा."

ऑफिसात मी मिलिग्रॅमचा हिशेब ठेवतो. काट्यावर फुंकर पडली तरी वजन पुन्हा घेतो. घरी मात्र मी पापडखार मुठीने घातला. मूठ जरा मोठीच होती.

रविवारी सकाळी मला स्वयंपाकघरात यायला बंदी होती. अकराच्या सुमाराला पाहुणे आले. मुलाचे वडील उंच, मोकळे, मोठ्याने हसणारे. आई नाजूक चणीच्या, अंगावर साधी इरकल, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी सगळीकडे एकदा नजर फिरवली. देव्हाऱ्यावर ती नजर जरा थांबली तेव्हा मला बरं वाटलं. मुलगा माझ्या पाया पडून कोपऱ्यातल्या खुर्चीवर परीक्षेला बसल्यासारखा बसला. मायलेकी आत पोह्यांच्या मागे होत्या, म्हणजे पाहुण्यांना सांभाळायची जबाबदारी माझी.

माणसांच्या बोलण्यात पाणी किती असतं, हे त्या अर्ध्या तासात मला प्रथम कळलं.

"सुखना तलावात यंदा पाणी बरं आहे," मुलाचे वडील म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

"पण काय धुकं असतं हो इथे थंडीत! आमची उड्डाणंच्या उड्डाणं रद्द होतात."

धुकं म्हणजे काय, ते जमिनीलगत का धरतं, पंजाबातच एवढं का, हे सगळं माझ्या जिभेच्या टोकाशी येऊन उभं राहिलं. मी म्हणालो, "असतं खरं."

"तुम्हाला गंमत सांगतो. ढगात शिरलं की कधी कधी काय होतं, ढगातलं पाणी शून्याच्या खाली गेलेलं असतं, तरी पाणीच असतं. गोठत नाही. आणि विमानाचा पंख लागला रे लागला की तिथल्या तिथे बर्फ!"

हे मात्र अति झालं. गोठायला विसरलेलं पाणी हा माझा सगळ्यात लाडका विषय. पाण्याला गोठायला नुसती थंडी पुरत नाही, त्याला सुरुवात करून देणारं कुणीतरी लागतं, एखादा धुळीचा कण, एखादा धक्का, हे मी मांडववाल्यालाही सांगितलं होतं. इथे तर साक्षात विमानातून ते बघितलेला माणूस समोर बसून मला सांगत होता. मी मांडीला चिमटा काढला. तोंडाने म्हणालो, "अरे वा. वडे आवडतात का तुम्हाला?"

ते जरा चमकले. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. त्याला बहुतेक माझ्याविषयी बरंच ऐकून माहीत होतं, आणि हा तो माणूस नव्हे असं त्याला वाटत असावं. त्याच्या आईने ग्लास उचलून घोटभर पाणी प्यायलं आणि त्या म्हणाल्या, "चव छान आहे पाण्याला."

मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या बिल्डिंगवरच्या टाकीतून पाणी ओसंडून वाहत होतं. मी नजर तिथूनही काढून घेतली.

तेवढ्यात बायको आणि मुलगी पोहे घेऊन आल्या. वर खोबरं, कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड, सगळं जागच्या जागी. बायकोच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी बिनसल्याची कळा होती. नंतर मला कळलं, की कढईतच रंग बघून ती चपापली होती, पण हळद जास्त पडली असेल म्हणून तिने वर भरपूर खोबरं पेरलं. आमच्या हॉलला दक्षिणेची मोठी खिडकी आहे. तिच्या उजेडात खोबऱ्याखालचे पोहे स्वच्छ दिसले. ते विटेसारखे लाल होते.

मुलाच्या वडिलांनी बशी जरा फिरवून बघितली. आईने चमच्याने खोबरं बाजूला सारलं, थोडे पोहे तोंडात घातले आणि हळूच चमचा खाली ठेवला. खाराची चव साबणासारखी लागते, हे मला माहीत आहे.

"तिखट घातलंय का गं यात?" त्यांनी विचारलं. "की इकडे असेच करतात?"

त्यांच्या आवाजात टोमणा अजिबात नव्हता. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते मला टोमण्यापेक्षा जास्त लागलं. मुलगी ट्रे हातात धरून तशीच उभी होती. तिचे कान लाल झाले होते. लहानपणी रडू आवरताना व्हायचे तसेच.

मला एका नजरेत सगळं कळलं होतं. तिने पोहे माझ्या हंड्यातल्या पाण्यात भिजवले होते. वरणाचं पाणी वरणापुरतं न ठेवता पोह्यांना घेतलं, कारण घरातलं सगळ्यात चांगलं पाणी तेच असं बापाने सांगितलं होतं. आजच्या दिवशी तिला सगळं चांगल्यातलं चांगलं हवं होतं. खार भिनलेले पोहे हळदीत पडले आणि व्हायचं ते झालं. आयुष्यभर मी पाण्यावर नको तिथे, नको तेव्हा बोललो. आज खरोखर बोलायची गरज होती, आणि आजच माझं तोंड बांधलेलं होतं. बोलावं तर पोरीला दिलेला शब्द मोडतो, आणि पाहुण्यांना वाटणार की बाप पोरीची चूक झाकायला काहीतरी विज्ञान सांगतोय. गप्प बसावं तर ज्या मुलीला साधे पोहे येत नाहीत ती आपल्यातली कशी, हे त्या बाईंच्या मनात कायमचं बसणार. मला स्वतःचा इतका राग क्वचितच आला असेल.

"पोहे तिने बरोबर केलेत," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

एवढं बोलून मी ओठ मिटून घेतले. बायको तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिली. लग्नानंतर इतक्या वर्षांत माझं म्हणणं दोन वाक्यांत संपलेलं तिने बघितलं नव्हतं. "काय तर बोला की पुढं," ती पुटपुटली. मी मान हलवली.

मुलीने वर बघितलं. बशीतल्या पोह्यांकडे, मग माझ्याकडे.

"बाबा… आपका वाला पानी?"

मी मान डोलावली.

"पापडखार?"

मी मान डोलावली.

"कितना?"

मी मूठ करून दाखवली.

तिने डोळे मिटले. आता ही रडणार असं वाटून मी उठायला लागलो, तर ती हसली. ट्रे टेबलावर ठेवला आणि त्या बाईंच्या पायाशी, सतरंजीवर, उकिडवी बसली.

"काकू," ती म्हणाली. आजवर त्या तिच्या तोंडी आंटी होत्या. "काकू, एक मिनिट. तुमची प्लेट द्या. हे पोहे खराब नाही झाले."

तिने लिंबाची फोड उचलली आणि पोह्यांच्या एका कडेवर पिळली. आम्ही सगळे बघत होतो. जिथे रस पडला तिथला लाल रंग उतरायला लागला, आधी केशरी झाला आणि मग पिवळा, आपल्या रोजच्या पोह्यांचा पिवळा. अर्धी बशी पिवळी, अर्धी लाल. मुलाचे वडील खुर्चीतून उठून वाकले.

"आमच्या इथलं पाणी जड आहे," ती सांगू लागली. मराठीत. शब्द शोधत, अडखळत, पण मराठीत. "म्हणजे, जमिनीच्या खाली तो… ते दगडांमधून येतं. आणि पाणी कुणाला नाही म्हणत नाही. जे भेटेल त्याला जवळ घेतं, आणि मग ते जसं असेल तसं होतं."

तिने उजवा तळहात पुढे केला होता. वाक्य संपवून ती जरा थांबली. मायलेकी ज्या वेळात एकमेकींकडे बघून हसायच्या, नेमकी तेवढीच थांबली. या वेळी बायको माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"म्हणून डाळ शिजत नाही. मग बाबांनी दगड काढायला खार टाकला. जास्त टाकला. बाबा घरात मोजत नाहीत. खार हळदीला भेटला, की हळद लाल होते. लिंबू भेटलं, की परत पिवळी. ती बिघडत नाही, काकू. फक्त सांगते, की पाण्यात काय आहे. माझं एक पांढरं फ्रॉक होतं, त्याच्यावर पण असंच झालं होतं. मी खूप रडले होते."

"फ्रॉक होता," मुलाच्या आई हळूच म्हणाल्या. पण त्या सुधारत नव्हत्या. पुढे काय झालं हे विचारावं तसं म्हणाल्या.

"हां, होता. बाबांनी त्याच्यावर लिंबू पिळून दाखवलं."

मुलाच्या वडिलांनी आपली बशी पुढे केली. "माझ्यात कर, माझ्यात कर." मुलाची बशी रिकामी होती. या सगळ्या गडबडीत त्याने ते साबणासारखे लाल पोहे निमूटपणे संपवून टाकले होते. हा टिकणारा मुलगा आहे, असं मला त्याच क्षणी वाटलं.

"तुला हे शिकवलं कुणी?" त्याच्या आईने विचारलं.

मुलीने लिंबाच्या हातानेच माझ्याकडे बोट केलं. "बाबांनी. मी ऐकत नव्हते, तरी ते सांगत राहायचे."

त्या बाईंनी बशी परत घेतली. पिवळ्या बाजूचा एक घास खाल्ला, मग दुसरा. लाल बाजूवर स्वतःच्या हाताने लिंबू पिळलं आणि रंग बदलेपर्यंत मान कलती करून बघत बसल्या. मग म्हणाल्या, "गणपतीत साताऱ्याला येशील ना, तेव्हा आमच्या सासूबाईंना हे करून दाखव. पण मराठीतच सांगायचं हं. त्यांना हिंदी येत नाही."

'येशील ना' हा प्रश्न नव्हता. बायकोने पदर तोंडाशी नेला. मुलगा एवढा वेळ धरून ठेवलेला श्वास सोडून खुर्चीत मागे टेकला. माझी मुलगी अजून खालीच बसली होती, आणि त्या बाईंचा हात तिच्या डोक्यावर होता.

"साहेब," मुलाचे वडील मला म्हणाले, "मगाशी तुम्ही वड्यांवर नेलंत, पण मला खरंच विचारायचं होतं. ते पंखावरचं पाणी. शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही, ते कसं काय हो?"

सगळे माझ्याकडे वळले. मुलीनेही मान वळवली. चेहऱ्यावर हसू होतं.

"बोला ना, बाबा," ती म्हणाली.

आयुष्यभर मी ज्या प्रश्नाची वाट बघत होतो तो कुणीतरी आपण होऊन विचारला होता, आणि ऐकणारे उठून जाणारे नव्हते. मी तोंड उघडलं. पण मी आनंदाने पार निकामी झालो होतो. कसंबसं म्हणालो, "वरण बघून येतो," आणि आत गेलो.

ओट्यावर कुकर निवला होता. मी झाकण काढलं. डाळ लोण्यासारखी शिजली होती, इतकी सुंदर की या घरात आल्यापासून तशी कधी शिजली नव्हती. बायकोने ती हळद, हिंग घालून लावली होती, माझ्याच पाण्यात. वरण लालभडक होतं.

मी फ्रिजमधली होती नव्हती ती सगळी लिंबं काढली आणि विळी घेऊन खाली बसलो. बाहेरून मुलीचा आवाज येत होता. गोठायला विसरलेल्या पाण्याचं ती मराठीत सांगत होती आणि त्यातलं निम्मं चुकत होती. मी दुरुस्त करायला गेलो नाही. लिंबं चिरत राहिलो.